सपकाळे सरांची डावी बाजू

सपकाळे सर माणसाला नमस्कार करायच्या आधी त्याचं माप घ्यायचे. हात सरळ पुढं ताणायचा, मुठीत पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि अंगठा पेन्सिलीवर खालीवर सरकवायचा. चहाच्या टपरीवर, रेशनच्या रांगेत, कुठंही. मयतीच्या घरी पेन्सिल खिशात ठेवायचे एवढंच, पण डोळा मिटलेला असायचाच. माझ्यावर पहिल्यांदा पेन्सिल रोखली तेव्हा मी भ्यालो. माझी बायको लीला जाऊन वर्षही झालं नव्हतं. उधन्याला रस्त्याकडेच्या टपरीवर मी बसलेलो, आणि समोर एक बुटका, काळा, तोंडावर देवीचे वण असलेला माणूस एक डोळा मिटून माझ्याकडं काहीतरी रोखतोय. मला वाटलं, करणी करतोय.

"काय देखी रायना रे?" काय बघतोयस, असं मी अहिराणीत ओरडलो. सुरतेत जन्म गेला तरी राग आला की आमची खानदेशी बोलीच तोंडात येते.

तो माणूस खूश झाला. आमच्याकडचाच निघाला. "तुमनं हाड देखी रायनू, जिभाऊ," म्हणाला. जिभाऊ म्हणजे थोरला भाऊ. मग माझ्या गळ्याखाली बोट दाखवून मराठीत म्हणाला, "काय उघडं पडलंय हे हाड! पोरांना दाखवायला असंच हवं होतं मला."

"बायको मेल्यावर पडतातच उघडी," मी म्हणालो.

त्याने पेन्सिल खाली केली. वाईट वाटलं, धीर धरा, असलं काही बोलला नाही. म्हणाला, "उद्या दुपारी या माझ्या वर्गात. नुसतं बसायचं. हलायचं नाही. जमेल?"

घरी मी दुसरं काय करत होतो? गेलो.

आधी मी भित्रा नव्हतो, हे सांगून टाकतो. नवागामला लूम खात्यात माझी जिंदगी गेली. पट्टा तुटून शेजारच्या माणसाचा कान गेलेला मी पाहिला आणि नंतर तिथंच बसून डबा खाल्ला. पण लीला धुणं वाळत घालता घालता खाली बसली ती उठलीच नाही. आजार नाही, ताप नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं की समोर बोलणारं माणूस बोलता बोलता जातं. माझा मुलगा रात्रपाळी करून दुपारी झोपायचा, तर मी जाऊन त्याच्या नाकापुढं बोट धरायचो, श्वास लागतो का बघायला. एकदा त्याला जाग आली. म्हणाला, "बाबा, मी मेलो तर सगळ्यात आधी तुम्हालाच सांगेन. आता झोपू द्या."

सरांचा वर्ग साड्यांना खडे चिकटवायच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. सर पूर्वी शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते. रिटायर झाल्यावर आर्ट कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या पोरांना शिकवायचे. शिकवायचे एकच, माणसाचं अंग. हाडं कशी, स्नायू कसे, कुठल्या अवयवाचं माप कुठल्याशी जुळतं. "सुरतेत सगळे कापडापासून सुरू करतात," असं ते नव्या पोरांना म्हणायचे. "तुम्ही हाडापासून करा. मग मांस, मग कातडी. कापड शेवटी. कापड काय, कोणावरही टाकता येतं."

मला शर्ट काढून स्टुलावर बसवलं. समोर पोरं, पोरी. माझ्या अंगावर काटा आला. इतकी माणसं एकदम बघतात ती मेल्यावर, असं मनात आलं आणि मी ताठ झालो. पुढं बसलेली हेतल नावाची गुजराती मुलगी म्हणाली, "काका, सास तो लो! तुम्ही श्वास घेत नाही, माझ्या चित्रातली छाती चुकते." सगळे हसले. मी श्वास घेतला.

कोपऱ्यात हाडांचा सापळा टांगलेला होता. सर त्याच्या खांद्यावर आपला रुमाल टाकायचे. प्लास्टिकचा आहे, म्हणाले. असेल. मला त्याच्याकडं पाठ करून बसवेना. सर म्हणाले, "जिभाऊ, याला काय भ्यायचं? असाच एक तुझ्या आत आहे. तुझ्याबरोबर उठतो, तुझ्याबरोबर जेवतो. आजवर काही केलं का त्याने तुला?" त्यांना वाटलं, धीर दिला. मी घरी जाऊन ताटावर बसलो तर घास उतरेना. आम्ही दोघं जेवतोय असं वाटायला लागलं.

चार दिवसांत सर मला अरे-तुरे करायला लागले, जिभाऊ मात्र सोडलं नाही. मी त्यांना सरच म्हणायचो. वय बरोबरीचं, पण मी चौथीत शाळा सोडलेली, मास्तर म्हटलं की जीभ आपोआप सांभाळून चालते.

शिकवताना त्यांचा हात आणि तोंड दोन्ही चालायचं. पोरानं चित्रात हात लहान काढला की म्हणायचे, "एवढ्याशा हातानं हा जेवणार कसा? उपाशी मारलास गरिबाला." पाय हवेत राहिले तर, "हा उभा आहे की टांगलाय? टेकव बाबा जमिनीवर, पोलीस येतील." पुस्तकात माणूस साडेसात डोक्यांचा असतो म्हणे, म्हणजे डोक्याच्या मापानं त्याची उंची तेवढी भरते. सर मला उभं करून मोजायचे आणि सांगायचे, "जिभाऊ सातचा आहे. अर्धं डोकं लूमनं खाल्लं. आता पुस्तक मिटा आणि याच्याकडं बघा." कोणाचं काही अडलं की बघू द्यायचे नाहीत. डोळे मिटायला लावायचे. "हात लाव स्वतःला. गुडघ्याची वाटी कुठं सुरू होते? डोळा फसतो, हात फसत नाही."

एक दिवस ते पंजाचं माप सांगत होते. हनुवटीपासून कपाळाच्या केसांपर्यंत जेवढं तोंड, तेवढा माणसाचा पंजा. "देवानं हिशोबानं दिलाय," म्हणाले. "रडताना तोंड झाकायला पुरला पाहिजे. जिभाऊ, दाखव." मी पंजा तोंडावर ठेवला. ठेवला आणि मला तो काढता येईना. आत अंधार होता आणि अंधारात लीला धुण्याची बादली घेऊन चालली होती. माझे खांदे हलायला लागले. मी मनात म्हटलं, आता सर विचारणार, काय झालं, आणि माझा सगळा तमाशा होणार. सरांनी विचारलं नाही. त्यांनी वर्गाकडं तोंड फिरवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आता पंजाची पाठ काढा. शिरा बघा, सांधे बघा. तोंड काढायचं नाही. कोणी मान वर करायची नाही." पोरं काढत बसली. माझं पुरतं रडून होईपर्यंत सर शिरांवरच बोलत राहिले. मी हात खाली घेतला तेव्हा म्हणाले, "आराम." आराम म्हणजे मी उठायचं. तो त्यांचा रोजचाच शब्द.

त्यांची आणखी एक शिकवण होती. छतापासून एक दोरा सोडायचे, खाली वजनाला लोखंडी नट बांधलेला. दोरा माझ्या बरोबर मधोमध यायचा. मग सांगायचे, आज दोऱ्याच्या एका बाजूचाच माणूस काढायचा, उरलेला उद्या. "लोक एक बाजू बघतात आणि दुसरी मनानं ठोकून देतात. जिभाऊचा उजवा खांदा खाली आहे. कोणी बघितला?" म्हणून वर्गाच्या भिंतीवर माझी अर्धी अर्धी माणसं टाचलेली असायची. मला ती आवडायची नाहीत. येता-जाता मी खाली बघून चालायचो.

तो दिवस सांगतो. दुपारची वेळ, खाली कारखान्यात मशिनं चालू. सर स्वतः मोठ्या कागदावर काढून दाखवत होते आणि पोरं त्यांचं बघून आपापलं काढत होती. सर बोलत होते. आवाज थोडा जड होता, पान खाल्ल्यासारखा, पण सर पान खात नव्हते. बराच वेळ झाला, माझा पाय बधिर झाला, तरी 'आराम' येईना. शेवटी मीच उठलो, लंगडत मागं गेलो आणि कागद पाहिला.

कागदावर मी होतो. अर्धा. एक डोळा, अर्धं नाक, अर्धी मिशी, एक खांदा, एक हात. हात असा हुबेहूब की मला माझ्या शिरा ओळखता आल्या. दुसऱ्या बाजूला कोरा कागद. मी सरांच्या समोर तोंड करून बसायचो, म्हणजे त्यांची डावीकडची बाजू ती माझी उजवी. माझा उजवा हात कागदावर नव्हता. पोरांकडं पाहिलं, तर सगळ्यांनी मन लावून अर्धाच माणूस काढलेला.

हेतल हळूच म्हणाली, "आजे अडधुं छे, काका." आज अर्धाच आहे.

पण छतापासून दोरा सोडलेला नव्हता.

मी विचारलं, "सर, दोरा?"

"कसला दोरा?"

"अर्धा माणूस काढताना सोडता तो."

"अर्धा कुठं काढलाय? पुरा आहे. हे बघ." आणि त्यांनी बोट नाकावरून कानाकडं, कानावरून खांद्याकडं, तिथून बोटांपर्यंत फिरवलं. तोंडावर समाधान. पोरं हसली. सरांची मस्करी सगळ्यांना माहीत होती. मीही हसलो असतो, पण माझी नजर खाली गेली. सरांच्या डाव्या हातातलं पुसायचं फडकं जमिनीवर पडलं होतं. बोटं मात्र फडकं धरल्यासारखी वाकलेली.

"फडकं पडलं, सर."

"हातातच आहे की."

मला काही कळलं होतं असं नाही. मला फक्त भीती वाटली, आणि ती तर मला रोजच वाटायची, मुलगा झोपला तरी वाटायची. त्या भीतीनंच मी म्हणालो, "सर, डावा हात वर करा."

"केला की."

हात लोंबत होता. पिळून दोरीवर टाकलेल्या कापडासारखा. आता कोणी हसलं नाही. सर चिडले. "जिभाऊ, जागेवर बस. हलायचं नाही म्हणून सांगितलंय ना?" त्यांच्या तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती आणि ते माझ्यावर रागावत होते. मी ओरडलो, "अरे बघता काय! उचला यांना!"

खुर्चीसकट त्यांना त्या अरुंद जिन्यातून खाली आणलं. रिक्षात एका बाजूला मी, एका बाजूला हेतल. सर वाटभर मला सांगत होते, "मध्येच उठलास, पोरांचं चित्र बिघडलं." दवाखान्यात पोचलो तेव्हा कळलं की मी उघडाच आलोय. हेतलनं तिची ओढणी माझ्या खांद्यावर टाकली. त्या पोरीचे दात वाजत होते. सरांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, कोणीतरी फोन केला होता. त्या भेस्तानच्या घरून आल्या आणि लांबूनच म्हणाल्या, "भाऊ, आहेत ना?"

"आहेत," मी म्हणालो. आतून कोणी काही सांगितलेलं नव्हतं. पण दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळेना.

जीव वाचला. डॉक्टर तरुण होता, समजावून बोलला. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी झाली होती. डावा हात, डावा पाय कमजोर राहणार. "आणि आणखी एक," तो म्हणाला. "त्यांचे डोळे चांगले आहेत. पण डावीकडं काही असतं, हेच त्यांच्या मेंदूला आता कळत नाही. डावी बाजू त्यांच्यासाठी नाहीच."

वहिनी म्हणाल्या, "मग आम्ही सांगू त्यांना."

"सांगून लगेच पटणार नाही. त्यांना सगळं पुरंच वाटतं. तुम्ही बोलायचं, भरवायचं ते डावीकडूनच, म्हणजे मान वळेल. हळूहळू बाजू येईल. कदाचित नाही येणार."

भेस्तानच्या घरी गेलो की माझे पाय दारात अडायचे. खाटेची उजवी बाजू भिंतीला, तिथं खिडकी. सर कायम खिडकीकडं बघत पडलेले. डॉक्टरनं सांगितलं म्हणून वहिनी सगळा दिवस डावीकडं स्टूल घेऊन बसायच्या. मी पायथ्याशी, जरा उजवीकडं बसायचो, म्हणून मी दिसायचो. सर ताटातलं अर्धंच जेवायचे. भात खायचे आणि म्हणायचे, "आज भाजी नाही वाटतं." वहिनी ताट फिरवायच्या, भाजी उजवीकडं यायची. "बघ, मागितल्यावर मिळते," सर मला म्हणायचे. दाढी अर्ध्या तोंडाची करायचे. मला हसू यायचं आणि हसताना घाम फुटायचा. समोर माणूस शहाण्यासारखा बोलतोय, माझ्या मुलाची चौकशी करतोय, आणि त्याच्या जगाचा अर्धा भाग कोणीतरी कापून नेलाय आणि त्याला पत्ता नाही. मी घरी येऊन आरशापुढं उभा राहायचो. माझं सगळं आहे का? आणि नसलं तर मला कळेल का? हे मी कोणाला विचारणार?

एकदा सर मला म्हणाले, "जिभाऊ, तुझी वहिनी माझ्याजवळ बसत नाही रे. आजारी माणसाचा कंटाळा आला असेल." वहिनी डावीकडं हातभर अंतरावर बसल्या होत्या. त्यांचा पाय चेपत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि चेपत राहिल्या. सर वहिनींचं बोलणं ऐकायचे, पण ते दारातून, आतल्या खोलीतून आल्यासारखं धरायचे.

मग त्यांनी कागद, पाटी मागितली. मी बसलो, ते काढायला लागले. अर्धा मी. रोज अर्धा मी. "हात अजून पहिल्यासारखा बसला नाही," म्हणायचे, "पण माणूस येतोय." वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "भाऊ, सांगू नका हं. चित्र एवढंच उरलंय त्यांना. तेही अर्धं निघतंय हे कळलं तर ते संपतील." हेतल आली होती, ती म्हणाली, "काकू, नाही सांगितलं तर डावी बाजू येणारच नाही." दोघींचंही खरं होतं. मी दोघींनाही भ्यालो.

आणि एक दिवस सर म्हणाले, "सोमवारपासून वर्ग सुरू करू. नवी पोरं येऊ दे. हेतलला निरोप दे."

नवी पोरं. त्यांना सरांची मस्करी माहीत नाही, दोरा माहीत नाही. ती अर्धा माणूस बघणार, एकमेकांना कोपरानं ढोसणार आणि फिदीफिदी हसणार. सर त्यांच्याबरोबर हसतील, कशाला हसतात ते न कळता. मला ते डोळ्यांपुढं दिसलं. मी सांगून टाकायचं ठरवलं. छाती अशी उडत होती की वाटलं, सरांच्या आधी मीच जातो.

"सर, डोळे मिटा."

"का?"

"तुम्हीच सांगता ना पोरांना. हात लावून बघा म्हणून."

मी खाटेच्या कडेला सरकलो. त्यांचा उजवा हात धरून माझ्या डाव्या कानावर ठेवला. बोटं ओळखीनं चालायला लागली. गाल, गालाचं हाड, डोळा, नाक. नाकाच्या शेंड्यावर थांबली. मी मनगट धरून हात पुढं ओढला. दुसरा डोळा. दुसरा गाल. दुसरा कान.

सरांच्या कपाळाला आठी पडली. "हे कोणाचं?"

"माझंच."

"नाही. दुसरा कोणी बसलाय तुझ्याजवळ."

"दुसरा कोणी नाही, सर. मी एकटाच आहे. ही माझी उजवी बाजू."

हात मानेवरून खांद्यावर गेला. तिथं बोटं परत फिरली, दाबून बघितलं. "हा खांदा खाली आहे," ते पुटपुटले.

"तोच. लूमचा."

त्यांनी डोळे उघडले आणि मांडीवरच्या कागदाकडं बघितलं. "मला हा पुरा दिसतोय, जिभाऊ."

"पुरा नाही, सर."

"म्हणजे मला पुरं दिसतं ते पुरं नसतं?"

मी मान हलवली. त्यांनी माझं मनगट धरलं. इतक्या महिन्यांत हा माणूस कशाला भ्यालेला मी पाहिला नव्हता. दवाखान्यातही नाही. कारण त्यांना माहीतच नव्हतं. आता माहीत झालं होतं आणि माहीत मी करून दिलं होतं. ते एकदम आमच्या बोलीत आले. "भेव लागस, जिभाऊ."

"माले बी," मी म्हणालो. मलाही.

"तिकडं आणखी काय आहे?"

"खोली आहे. कपाट आहे, त्यावर बुद्धाची मूर्ती आहे. दार आहे."

"आणि कोण आहे?"

"वहिनी आहेत."

"कधी आली?"

वहिनींच्या हातात पेजेची वाटी होती. त्या म्हणाल्या, "मी गेलेच कधी होते?"

सर रडले. उजव्या हातानं तोंड झाकलं. मी आणि वहिनी भांडी आवरत बसलो.

वर्ग सुरू झाला, भेस्तानच्या घरीच. पण आधी सरांनी पोरांना स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. कागदाच्या डाव्या कडेला हेतल तांबडी चिकटपट्टी लावायची. ती पट्टी दिसेपर्यंत मान वळवत राहायचं, असा त्यांनी स्वतःला नियम घातला. मध्येच थांबले की पोरं ओरडायची, "हजी आगळ, सर!" अजून पुढं. गाडी ढकलावी तसं. आणि सगळ्या पोरांना त्यांनी नवी सवय लावली. चित्र झालं की आपला कागद शेजाऱ्याला द्यायचा आणि विचारायचं, यात काय राहिलं? स्वतः बघून 'पुरं झालं' म्हणायची बंदी.

सोपं नव्हतं ते. डावीकडं वळताना त्यांच्या मानेच्या शिरा तटतटायच्या, कपाळावर घाम यायचा. मला म्हणायचे, "विहिरीत वाकल्यासारखं वाटतं रे. वाटतं, वळेन आणि तिथं काहीच नसेल." तरी वळायचे. कागदावर माझा दुसरा डोळा आला. मग कान. मग तो खाली गेलेला खांदा, अगदी माझा. दंड आला, कोपर आलं. त्याच्या पुढं कधी गेले नाहीत. एक दिवस मी म्हणालो, "सर, पंजा राहिला."

"ठाऊक आहे," म्हणाले. "तिथं आहे ना?"

"आहे."

"मग आज एवढंच. दमलो."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुसरा झटका आला. सकाळी निरोप आला, मी दवाखान्यात धावलो. या वेळी डॉक्टर फार बोलला नाही. सर पडलेले, मान उजवीकडं, डोळे भिंतीवर. डावीकडं वहिनी. मी पायथ्याशी उभा राहिलो. पळून जावं वाटत होतं. लीला एका क्षणात गेली, मला बघत उभं राहायला लागलं नव्हतं, इथं बघायला लागणार होतं.

सरांची नजर माझ्यावर आली. ओठ हलले. मी वाकलो. "ती?" एवढंच म्हणाले.

"डावीकडं आहेत, सर."

ते वळायला लागले. मी ती मान इतक्यांदा वळताना पाहिली होती, पण इतकी हळू कधीच नाही. डोळे छतापर्यंत आले आणि थांबले. पुढं काही नाही असं वाटल्यावर थांबायचे तसे. मला वाटलं, आता परत जातात भिंतीकडं. मी पोरांसारखा 'हजी आगळ' ओरडणार होतो, पण वहिनींकडं बघून थांबलो. वहिनी जागेवरून हलल्या नाहीत, हाक मारली नाही. सरांनी डोळे मिटले, दम घेतला आणि पुन्हा मान ढकलली. उशीवर घासत घासत ती वळली आणि नजर वहिनींच्या तोंडापर्यंत पोचली.

"तू आठेच शेस का?" इथंच आहेस का तू?

"शे ना," वहिनी म्हणाल्या. "आठेच शे."

नर्स आली, तिने हाताची नाडी पाहिली, डोळे मिटवले. मान सरळ करू का, असं तिने विचारलं. वहिनी म्हणाल्या, राहू द्या.